पांगलेल्या वर्गाचे गाणे

जपानमध्ये शाळेचे वर्ष मार्चमध्ये संपते आणि एप्रिलमध्ये नवे सुरू होते. फुकुशिमा प्रांतातील मिनामिसोमा शहराच्या ओदाका भागात एक माध्यमिक शाळा आहे. मार्च २०११ मध्ये तिच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात १०६ मुले होती. एप्रिलमध्ये हीच मुले दुसऱ्या वर्षात गेली, तेव्हा हजेरीपटावर सात नावे उरली होती.

११ मार्चच्या दुपारी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. तिने या वर्गातील दोघांचा बळी घेतला. ओदाका हे फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रापासून वीस किलोमीटरच्या आत असल्याने किरणोत्साराच्या भीतीने सारी वस्ती रिकामी करण्यात आली. मुले आईवडिलांबरोबर मिळेल तिकडे, देशभर पांगली. नीट निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही. शाळा दुसऱ्या शाळेच्या इमारतीत, पाहुण्यासारखी भरू लागली.

आपत्तीनंतर नुकसानीचा हिशेब मांडला जातो. घर, शेत, होडी, दुकान यांचे मूल्य ठरते आणि भरपाईचा आकडा निघतो. मोडलेल्या वर्गासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या लेखी मात्र सर्वांत मोठी तूट तीच असते.

या शाळेच्या संगीत शिक्षिकेच्या वर्गात मुलांनी एक मोठा नकाशा केला आणि जो मित्र जिथे गेला तिथे त्याचे छायाचित्र चिकटवले. नकाशाकडे पाहता पाहता मुले आपसांत बोलत. किती दूर गेले सगळे, तिथे जायचे तरी कसे, वरचे आकाश तेवढे एकच आहे, असे ते साधे बोलणे. शिक्षिका ती वाक्ये टिपून ठेवत गेल्या. त्या टिपणांतूनच एक गीत तयार झाले आणि त्यांनी त्याला चाल लावली. गीताचे नाव ‘गुंजो’, म्हणजे गडद निळा रंग. मार्च २०१३ मध्ये हा वर्ग शाळेतून बाहेर पडला, तेव्हा निरोप समारंभात मुलांनी ते गायले. पुढे नोबुनागा ताकातोमी या नामवंत संगीतकाराने समूहगानासाठी त्याची स्वररचना केली.

हे शब्द कोणी सांत्वनासाठी बाहेरून आणून दिलेले नव्हते, ही त्यातील मोलाची गोष्ट. दुःखात बुडालेल्या माणसाला परक्याने हाती दिलेले आशेचे गाणे पुष्कळदा टोचते. येथे शब्द मुलांचेच होते. शिवाय जे एकट्याने बोलवत नाही, ते दहाजणांत गाता येते. एखाद्याचा गळा दाटून आला तर शेजारचा ओळ पुढे नेतो आणि दाटलेला गळा दोन ओळींनंतर पुन्हा सामील होतो. बोलण्यात अशी सोय नसते.

याला शरीराचाही आधार आहे. गाताना श्वास पटकन घेतला जातो आणि सावकाश सोडला जातो. या दीर्घ उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती मंदावते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अठरा वर्षे वयाची मुले-मुली एकत्र गायली. स्तोत्र किंवा संथ मंत्र म्हणताना त्यांचे श्वास जुळले आणि श्वासाबरोबर हृदयाच्या गतीतील चढउतारही जुळत गेले. प्रयोग अवघ्या पंधरा जणांचा होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करणे योग्य नाही. तरीही मंदिरात सामूहिक भक्तामर पठणाला बसणाऱ्यांना त्यात काही ओळखीचे सापडेल. वसंततिलका वृत्तातील चरण म्हणताना श्वास कोठे घ्यावा हे कोणी शिकवलेले नसते, तो शेजारच्यांबरोबर आपोआप घेतला जातो. घरात नुकताच मृत्यू झालेला एखादा साधर्मिक कोपऱ्यात ओठ न हलवता बसलेला असतो. त्याला म्हणायचा आग्रह कोणी करू नये. चार दिवसांनी त्याचा आवाज हळूच मिसळतो किंवा मिसळत नाही, आणि दोन्ही चालते.

गाण्याने ओदाकाची माती स्वच्छ झाली नाही आणि गेलेले दोन मित्र परतले नाहीत. तेथील बहुतांश भागात राहण्यावरील बंदी १२ जुलै २०१६ रोजी उठली आणि एप्रिल २०१७ मध्ये शाळा पुन्हा स्वतःच्या इमारतीत भरली. पटावरची मुले पूर्वीपेक्षा फारच थोडी होती. ‘गुंजो’ मात्र आता जपानमधील अनेक शाळांच्या निरोप समारंभांत गायले जाते. ते गाणाऱ्या बहुतेक मुलांनी ओदाका कधी पाहिलेले नसते.