तालमीचा प्रयोग

मराठी नाटकवाल्यांनी एक भेद कटाक्षाने पाळला आहे : तालीम वेगळी, प्रयोग वेगळा. तालमीत नट संवाद पुटपुटतो, जागा चुकतो, आवाज राखून ठेवतो, दिग्दर्शकावर चिडतो. आणि हे सारे त्याला करता येते, कारण समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. मायकेल जॅक्सनच्या तालमींचा 'धिस इज इट' हा चित्रपट २००९ साली आम्ही चित्रपटगृहात पाहिला, तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्हीच जाऊन बसलो होतो.

लंडनच्या ओटू अरीनात १३ जुलै २००९ पासून त्याचे ५० कार्यक्रम व्हायचे होते. लॉस एंजेलिसमध्ये तालमी चालू असतानाच २५ जूनला तो गेला. मागे उरले शंभराहून अधिक तासांचे चित्रण. सोनीने त्याच्या हक्कांसाठी सुमारे ६ कोटी डॉलर मोजले आणि २८ ऑक्टोबरला चित्रपट जगभर लागला. 'फक्त दोन आठवडे' ही जाहिरात. गर्दी दिसताच मुदतवाढ. कमाई २५ कोटी डॉलरच्या वर गेली. चार महिन्यांत शोकाचा एवढा चोख हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

चित्रपट टाकाऊ आहे, असे आमचे म्हणणे नाही. एका गाण्याची सुरुवात आणखी संथ, आणखी रेंगाळती हवी म्हणून संगीत संचालकाला पुन्हा पुन्हा समजावणारा जॅक्सन पाहताना एक निष्ठावान कारागीर दिसतो. पण त्यातच एक प्रसंग आहे. युगुलगीताच्या ओघात तो पूर्ण ताकदीने गाऊन जातो, आणि मग म्हणतो की आवाज राखायचा आहे, मला असे गायला लावू नका. आमच्या चित्रपटगृहात नेमक्या याच ठिकाणी टाळ्या पडल्या. त्यात आमच्याही होत्या. 'नको' म्हणणाऱ्या माणसाला आम्ही 'वन्स मोअर' देत होतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे कळली. कार्यक्रमाचे सहदिग्दर्शक आणि चित्रपटाचे दिग्दर्शक केनी ऑर्टेगा एकच. १९ जूनला जॅक्सनची प्रकृती पाहून त्यांनी त्याला घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी आयोजकांना पत्र लिहून तीव्र चिंता कळवली. डॉक्टर कॉनरॅड मरे यांच्यावरील २०११ च्या खटल्यात ते पत्र न्यायालयापुढे आले. निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाबद्दल मरे दोषी ठरले. २३ आणि २४ जूनच्या तालमी उत्तम झाल्या, असेही ऑर्टेगांनीच सांगितले आहे, आणि आयोजक कंपनीला २०१३ मध्ये ज्यूरीने जबाबदार धरले नाही. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. आमचा प्रश्न चित्रपटाचा आहे : ज्याने ती १९ तारीख पाहिली, त्याच्या चित्रपटात तिची सावलीसुद्धा का नाही? प्रदर्शनाच्याच वेळी काही चाहत्यांनी हा आक्षेप जाहीरपणे घेतला होता. आम्ही सुशिक्षित मंडळी मात्र गहिवरण्यात मग्न होतो.

कोणी म्हणेल, तुम्ही साहित्याचे अध्यापक. दिवंगत कवीची वही सापडली की तुम्हीच छापायला धावता. आरोप खरा आहे. परंतु प्रामाणिक संपादक खाडाखोड ही खाडाखोड म्हणूनच छापतो. कोणती ओळ कधीची, पान कुठे फाटले, हे सांगतो. येथे एकाच गाण्यात जॅक्सनचे कपडे बदलत राहतात, कारण निरनिराळ्या दिवसांचे तुकडे सांधून एक अखंड गाणे उभे केले आहे. त्या दिवसांच्या तारखा नाहीत, आणि जे दिवस वाईट गेले ते तर नाहीतच. फाटलेले पान संपादकाने स्वतःच्या हस्ताक्षरात पुरे करावे आणि खाली कवीची सही ठोकावी, तसा हा प्रकार आहे.

'चाहत्यांना अखेरची भेट' असे या चित्रपटाचे समर्थन होते. भेट देणाऱ्याची संमती लागते. मेलेल्या माणसाकडून ती कोणी घेतली? ते चित्रण नष्ट करा, असे आम्ही म्हणत नाही. उलट, ते सगळे जतन व्हावे, तारखांसह, थकव्यासह, अभ्यासकांसाठी खुले व्हावे. तालीम दाखवायचीच असेल, तर ती तालीम म्हणून दाखवा. तिला प्रयोगाचा साज चढवून तिकीट लावले, की त्या माणसाचे काम आणि त्याचे मरण, दोन्हींबद्दल आपण खोटे बोलतो. आणि टाळ्या वाजवणारा त्या खोटेपणात भागीदार असतो.