तरुण घोडीची खरेदी व गर्भतपासणी

दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्यास भरणाऱ्या घोडेबाजारात तरुण घोडीची पारख दात, चाल व भोवरे पाहून होते. ती गाभण आहे काय, हे मात्र क्वचितच तपासले जाते. वास्तविक दीड-दोन वर्षांची घोडीही गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असून पोट बरेच उशिरा दिसू लागते. तोवर मालक तिच्याकडून नेहमीचे काम घेत राहतो आणि तिची स्वतःची वाढ खुंटते.

यात खरेदीदाराचे नुकसान होते. पण मूळ दोष बहुधा विकणाऱ्याचा असतो. नर व मादी शिंगरे वर्षाची होण्यापूर्वीच वेगळी ठेवल्यास हा प्रसंग बव्हंशी टळेल. खरेदीदारानेही इसार देण्यापूर्वी पशुवैद्याकडून गर्भतपासणी करून घ्यावी.

घरी आणलेली घोडी गाभण निघाल्यास ती गुपचूप दुसऱ्याच्या माथी मारणे उचित नव्हे. अखेरच्या ३ महिन्यांत गर्भ झपाट्याने वाढतो. त्या काळात तिला जड कामातून मोकळीक व पौष्टिक चंदी द्यावी. विण्यापूर्वी ४ ते ६ आठवडे धनुर्वाताची लस पशुवैद्याकडून टोचून घ्यावी. सौदा एका जिवाचा झाला, तरी जबाबदारी दोहोंची आहे.