बाबांची येझदी आणि सहा व्होल्टचा फंडा

मंडळी, मोबाइलची बॅटरी दोन टक्क्यांवर आली की आपली काय तारांबळ उडते! मग जिची बॅटरी गेली चार वर्षं शून्यावर आहे, त्या बिचारीने काय करायचं?

ही बिचारी म्हणजे बाबांची १९७८ची येझदी. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बनायची. १९९६ मध्ये तो बंद पडला. आमची गाडी मात्र पार्किंगमध्ये कव्हर पांघरून उभी. ‘विकणार का?’ असं विचारणारे दर महिन्याला येतात. परवा बाबा अगदी सहज म्हणाले, ‘‘दिवाळीपर्यंत चालू झाली नाही, तर देऊन टाकू.’’ ते सहज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. याच गाडीच्या टाकीवर बसून मी बालवाडीत जायचे हो!

मग काय, ऑफिसमधल्या लंच ब्रेकमध्ये लॅपटॉप उघडला आणि एक झकास लिथियम बॅटरी निवडली. १२ व्होल्टची. वजनाला हलकी, दिसायला सही. ‘ऑर्डर’चं बटण दाबणार, तेवढ्यात आमच्या मेकॅनिक काकांना फोन करायची बुद्धी झाली.

‘‘ताई, गाडी सहा व्होल्टची आहे. बारा लावलीत तर सगळे बल्ब एका झटक्यात जातील.’’

माझी पहिली विकेट तिथेच पडली. बारा व्होल्ट करायचं तर नुसती बॅटरी बदलून भागत नाही. चार्जिंग, इग्निशन कॉइल, हॉर्न, बल्ब, सगळंच बदलायचं. आणि लिथियमला चार्जिंगचं व्होल्टेज अगदी मापात लागतं. जुना मेकॅनिकल रेग्युलेटर तेवढा काटेकोर नसतो. म्हणजे लिथियमही कटाप!

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, बॅटरीशिवायच चालवू. मित्राची आरएक्स १०० चालते की! काका हसले. आरएक्सला ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटोकडून मिळते, त्यामुळे बॅटरी मेली तरी ती किकवर सुरू होते. येझदीची कॉइल बॅटरीवर जगते. डायनॅमो वेग घेईपर्यंत करंट देत नाही, त्यामुळे बॅटरी नाही तर किक मारून फक्त व्यायाम होतो.

बरं, मग मोठी घेऊ? जुनीवर १२ अँपिअर-अवर लिहिलं होतं, आपण २०ची घेऊ! इथे साधं गणित आडवं आलं. डायनॅमो ४५ वॅटचा. हेडलाइटचा बल्बच ३५ वॅट खातो, वर टेललाइट आणि कॉइल. म्हणजे रात्री बॅटरीच्या वाट्याला जवळपास काहीच उरत नाही. वीस भरणार कुठून? शिवाय बॉक्सचं झाकणही लागणार नाही.

उरले दोन पर्याय. एक, पूर्वीसारखी पाणी घालायची बॅटरी. स्वस्त आणि थोडंफार जास्त चार्जिंग सोसणारी. पण महिन्याला पातळी बघायची, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि तिची नळी थेट खाली सोडायची. नाहीतर ॲसिडच्या वाफांनी क्रोमची वाट लागते. दोन, सीलबंद बॅटरी, इमर्जन्सी लॅम्पमध्ये असते त्या जातीची. पाण्याची कटकट नाही, पण जास्त चार्जिंग झालं तर ती आतून सुकते आणि वरून पाणी घालून वाचवता येत नाही.

काकांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘ताई, खरं सांगा, महिन्याला पाणी बघाल?’’

मी जिमची वर्षाची फी भरून चार दिवस गेलेली मुलगी. उत्तर तुम्हाला कळलंच असेल.

सीलबंद घ्यायची ठरली, पण एका अटीवर. काकांनी दुसऱ्या गाडीची बॅटरी तात्पुरती जोडून इंजिन चालवलं आणि रेस करून मीटर लावला. ७.१ व्होल्ट. साडेसातच्या वर गेला असता तर आधी रेग्युलेटरचं काम निघालं असतं. मग शनिवारी बुधवार पेठ गाठली. दुकानदाराने शोकेसमधली धूळ खात पडलेली पुढे केली. मी बनल्याची तारीख बघितली, मीटर लावून मागितला. पाच पॉइंट नऊ! दुसरी काढायला लावली, ती सहा पॉइंट चार भरली. तीच घेतली. सीलबंद असली तरी पडून पडून उतरतेच.

घरी आल्यावर जुनी काढण्याआधी वायरींचा फोटो काढला. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये प्लस चेसिसला जोडलेला असतो, त्यामुळे कुठल्याच जुन्या गाडीत अंदाजाने वायर जोडू नये. नवीन बॅटरी अंगाने बारीक, म्हणून दोन्ही बाजूंनी रबर लावलं. वायरींना नवे लग बसवले.

रविवारी सकाळी चावी दाबली. हेडलाइटवरचा लाल दिवा लागला. बाबा गॅलरीतून खाली आले, पण काही बोलले नाहीत. येझदीची किक आणि गिअर एकाच दांडीला, ती उलटी कशी फिरवायची ते मी विसरले होते. त्यांनी वाकून दाखवलं. सहाव्या किकला पार्किंगभर निळा धूर!

‘‘आठवड्यातून एक फेरी मारलीच पाहिजे,’’ काका बजावत होते, ‘‘उतरलेली बॅटरी तशीच ठेवलीत तर प्लेटा खराब होतात.’’

बाबा तोवर मागच्या सीटवर बसले होते.

‘‘चल गं,’’ म्हणाले, ‘‘आणि तो गिऱ्हाइकाचा फोन आला तर सांग, बाबा बाहेर गेलेत.’’