बॅन्बरीचें पाडलेलें दुकान

गांवांतील वृद्ध माणसें एकत्र जमलीं, कीं कोणतें दुकान कोठें होतें, तेथें कोणता जिन्नस चांगला मिळे, मालकाचा स्वभाव कसा होता, ह्याच गोष्टी निघतात. आणि त्या ऐकून सुशिक्षित मंडळी हंसतात. इतिहास असावा राजांचा आणि लढायांचा. वाण्याच्या गल्ल्याचा कसला आला आहे इतिहास, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल शहाणपणाचा नसून आळसाचा आहे, हें इंग्लंडांतील बॅन्बरी ह्या बाजारपेठेच्या गांवाच्या हकीकतीवरून दाखवितां येईल.

एका इंग्रजी बडबडगीतामुळें ह्या गांवाचा क्रूस आपल्याकडील मुलांनाहि ठाऊक असतो. गांवांतील जुना क्रूस प्युरिटन पंथीयांनीं १६०० सालीं पाडून टाकला. पुढें सुमारें अडीचशें वर्षांनीं, १८५९ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या कन्येच्या विवाहाचें स्मारक म्हणून नवा क्रूस उभारण्यांत आला. गीतांतील घोड्यावर बसलेल्या स्त्रीचा पुतळाहि २००५ सालीं उभा राहिला. केवढें हें स्मृतिप्रेम, असें कोणालाहि वाटेल!

परंतु ह्याच गांवांतील पार्सन्स स्ट्रीटची कथा ऐका. तेथील रेनडिअर नांवाच्या पुरातन सराईंत एका दालनाच्या भिंतींना सतराव्या शतकांतील कोरीव लांकडी काम जडविलेलें होतें. तें १९१२ सालीं उखडून विकलें गेलें. १९६४ सालीं तें गांवाला परत मिळालें. आतां तरी गांव शहाणें झालें, असें वाटावें, तों अवघ्या चार वर्षांनीं, १९६८ सालीं, त्याच रस्त्यावरील बॅन्बरी केकचें मूळ दुकान जमीनदोस्त झालें. हा केक म्हणजे पापुद्र्यांच्या आवरणांत बेदाणे आणि मसाला भरलेली एक लांबट करंजीच. बॅन्बरी केकची कृति जर्व्हेस मार्कमनें १६१५ सालींच आपल्या ग्रंथांत दिलेली आहे. ज्या पदार्थानें गांवाचें नांव दूरवर नेलें, त्याचें घर गांवाला राखतां आलें नाहीं. आणि तेंहि जुन्या वस्तींच्या संरक्षणाचा कायदा पार्लमेंटनें आदल्याच वर्षीं, १९६७ मध्यें, संमत केला असतां!

ह्यावर व्यवहारी मंडळींचें उत्तर तयार असतें. गिऱ्हाईक फिरलें कीं दुकान बसतें. आज अश्रु ढाळणारे काल स्वतःच स्वस्त मालाच्या मागें गेले होते. ह्यांत तथ्य आहे. बॅन्बरीचा नामांकित गुरांचा बाजार १९९८ सालीं बंद पडला. वुलवर्थसारख्या बलाढ्य कंपनीचीं दुकानेंहि २००९ च्या जानेवारींत ब्रिटनमधून नाहींशीं झालीं. पण धंदा बुडणें हा काळाचा क्रम असला, तरी घर पाडणें हा माणसाचा ठराव असतो. तो ठराव करणारानें काळाच्या पदराआड लपूं नये.

क्रूस पुन्हां घडवितां येतो, कोरीव काम परत आणतां येतें. दुकान मात्र परत येत नाहीं. कारण दुकान म्हणजे केवळ भिंती नव्हेत. उधारी कोणाला द्यावी, कोणाच्या घरीं आज कार्य आहे, कोणाचा मुलगा आजारी आहे, हें जाणणारा शेजारधर्म त्या भिंतींच्या आंत नांदत असतो. मार्गारेट स्टेसी ह्या विदुषीनें ह्याच बॅन्बरीवर १९६० सालीं एक मोठा समाजशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला. जुने रहिवासी, नवे आलेले लोक, त्यांचे धंदे आणि शेजारसंबंध, हाच त्याचा विषय. पंडितांनीं लिहिलें म्हणजे तें शास्त्र, आणि म्हातारीनें सांगितलें म्हणजे त्या रिकामटेकड्या गप्पा, हा कोठला न्याय?

पार्सन्स स्ट्रीटवरील त्या दुकानांत ज्यांनीं लहानपणीं केक घेतला, तीं मुलें आज साठीच्या पलीकडे गेलीं आहेत. पुतळ्यासाठीं वर्गणी आणखी शंभर वर्षांनींहि जमवितां येईल. ह्या माणसांच्या आठवणी मात्र आजच लिहून घेतल्या पाहिजेत.