बातम्या बंद, घोषणा चालू
प्रतिनिधी

खडकीहून होळकर पुलावरून मुळा ओलांडली की येरवडा लागते. आणीबाणीत (१९७५-७७) तेथील कारागृहात सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांच्यासह अनेक राजकीय स्थानबद्ध होते. नदीच्या अलीकडे राहणाऱ्या वाचकाला मात्र त्यांचे म्हणणे वृत्तपत्रांतून कळण्याची सोय उरली नव्हती. सत्तेचा प्रचार कसा चालतो, हे या एवढ्याशा अंतरावरूनही समजते.

इंदिरा गांधींची राजवट हिटलरच्या जर्मनीसारखी सर्वंकष हुकूमशाही नव्हती. तेथे १९३३ मध्ये गोबेल्सच्या हाती स्वतंत्र प्रचार मंत्रालय आले आणि स्वस्त रेडिओ संच घरोघर पोहोचले. आपल्याकडे आकाशवाणी व दूरदर्शन आधीच सरकारच्या ताब्यात होते. प्रश्न होता तो छापील शब्दाचा. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली, पाठोपाठ पूर्वतपासणी लादली गेली. १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था उभी करण्यात आली. सहकार्य नाकारणाऱ्या किशोरकुमार यांची गाणीही आकाशवाणीवरून हद्दपार झाली.

या प्रचाराची ताकद निव्वळ खोटेपणात नव्हती. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत शिस्त आली, हे ठसवले जात होते आणि लोकांना ते पडताळता येत होते. तुरुंगात कोण व का आहे, हे मात्र पडताळता येत नव्हते. दिसणाऱ्या अर्ध्या सत्याच्या आड न दिसणारे अर्धे झाकले गेले. शिवाय इतर सारे गप्प पाहून नाराज माणसाला आपण एकटेच आहोत असे वाटू लागले.

म्हणूनच १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत जाहीरपणे बोलल्या, याचे मोल मोठे. त्यांच्या बोलण्याने ही एकटेपणाची भावना मोडली. पुढे त्यांना अटक झाली.

कोंडलेल्या बातमीने अखेर सत्ताधाऱ्यांनाही अंधारात ठेवले असावे. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मार्चमध्ये इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या.

राजवट कोणतीही असो, कौतुकाच्या बातम्या वाढू लागल्या की वाचकाने एक प्रश्न विचारावा: पुलापलीकडची बातमी कोठे आहे?