कॅमेऱ्यापुढील माणूस

मोबाइलनें दिवसाकाठीं शेंकडों चित्रें टिपतां येत असतांही अलीकडे कांहीं तरुण मुद्दाम फिल्मचा जुना कॅमेरा हातीं घेऊन माणसांचीं चित्रें काढूं लागले आहेत. हा नुसता खर्चिक छंद आहे, कीं त्यांत कांहीं अर्थ आहे, असा प्रश्न घरोघरचीं वडील माणसें विचारतात. त्याचा विचार करतांना आम्हांस यूसुफ कार्श ह्या छायाचित्रकाराच्या तारुण्यांतील हकीकत उपयोगी वाटते, म्हणून ती येथें देत आहों.

कार्श हा आर्मेनियन. तुर्की साम्राज्यांतील मार्दिन गांवीं १९०८ सालीं त्याचा जन्म झाला. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचे दिवस त्यानें बालपणींच पाहिले. १९२२ मध्यें कुटुंब अलेप्पो येथें आश्रयास गेलें, आणि पुढें आईबापांनीं मुलास कॅनडांत मामाकडे धाडिलें. मुलाचे मनांत वैद्य व्हावयाचें होतें. मामाचा धंदा छायाचित्रणाचा होता. मामानें १९२८ मध्यें त्यास बोस्टन येथें जॉन गारो ह्या नामांकित छायाचित्रकाराकडे उमेदवारीस ठेविलें. गारोनें यंत्राबरोबरच रेम्ब्रां, व्हेलास्केथ ह्यांसारख्या जुन्या चित्रकारांच्या कृति अभ्यासावयास लाविल्या. १९३२ मध्यें कार्शनें ओटावा शहरीं स्वतःचा स्टुडिओ थाटला, आणि तेथील हौशी नाट्यमंडळांत रंगभूमीवरील दिव्यांची किमया तो शिकला.

त्याचा मोठा कॅमेरा आठ इंच रुंद व दहा इंच लांब फिल्मचा. अशा कॅमेऱ्याची रीतच वेगळी. काळ्या कापडाखालीं डोकें घालून मागच्या दुधी कांचेवर उलटें पडलेलें प्रतिबिंब नीट जुळवून घ्यावयाचें. मग फिल्मची चौकट आंत सरकविली, कीं छायाचित्रकारास कॅमेऱ्यांतून कांहींच दिसत नाहीं. तेव्हां त्यानें यंत्राशेजारीं उभें राहून समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहावें, त्याच्याशीं बोलावें, आणि योग्य क्षणीं कळ दाबावी. एका चौकटींत फिल्मचे दोनच तुकडे. आणि चित्र कसें उतरलें, तें धुतल्यावांचून कळत नाहीं. म्हणून सारा विचार आधीं करावा लागतो. फिल्मचे म्हणून जे गुण सांगतात, त्यांतील बरेचसे ह्या सक्तीचे आहेत.

३० डिसेंबर १९४१ रोजीं कॅनडाच्या पार्लमेंटपुढें भाषण करून विन्स्टन चर्चिल सभापतींच्या दालनांत आले. कार्श तेव्हां तेहतीस वर्षांचा होता. आदल्या रात्रींच त्यानें तेथें दिवे व कॅमेरा मांडून ठेविले होते. चर्चिल ह्यांस मात्र त्याची वार्ता नव्हती. त्यांनीं नाखुषीनें एका चित्रापुरता वेळ दिला, व चिरूट ओढीत ते उभे राहिले. कार्शनें रक्षापात्र पुढें केलें, तरी चिरूट सुटेना. त्यानें कॅमेऱ्याशीं जाऊन सर्व कांहीं पुन्हां तपासलें, तो परत आला, आणि क्षमा मागून त्यानें तो चिरूट त्यांच्या तोंडांतून काढून घेतला! यंत्राशीं पोंचेपर्यंत चर्चिल ह्यांच्या मुद्रेवर जो संताप उमटला, तोच फिल्मवर उतरला. मग ते हंसले, व त्यांनीं आणखी एक चित्र काढूं दिलें. जगानें मात्र संतापाचेंच चित्र उचललें; २०१६ सालीं इंग्लंडच्या पांच पौंडांच्या नोटेवरही तेंच आलें.

वाचकहो, येथें दोन शंका उद्भवतात. पहिली सत्यतेची. लोकांनीं त्या मुद्रेंत हिटलरपुढें न नमणारें इंग्लंड पाहिलें. वस्तुतः तो राग हिरावलेल्या चिरुटाचा होता. आणि ज्यास १९४३ चा बंगालचा दुष्काळ आठवतो, त्या भारतीयास त्याच मुद्रेंत निराळाच अर्थ दिसेल. तेव्हां एका चित्रावरून माणसाचें चरित्र वाचूं नये, हें बरें.

दुसरी शंका मर्यादेची. वडील माणसाच्या तोंडची वस्तु काढून घेणें आपल्या घरांतील कोणत्या आजोबांस रुचेल? तरुणांनीं ह्या गोष्टींतून धिटाई तेवढी उचलूं नये. ती एका क्षणाची होती. तिच्यामागें गारोकडील उमेदवारी, दिव्यांचा अभ्यास व आदल्या रात्रीची मांडामांड होती. ह्याच कार्शनें पुढें १९५४ मध्यें पाब्लो कासाल्स ह्या थोर सेलोवादकाचें चित्र चक्क पाठमोरें काढिलें. वादनांत गढलेल्या त्या वृद्धास त्यानें तोंड वळवावयासही सांगितलें नाहीं. आमच्या मतें हा धडा अधिक अनुकरणीय होय.

आपल्याकडे आजीचें चित्र बहुधा कोणाच्या तरी लग्नांतल्या घोळक्यांतून कापून काढलेलें असतें, आणि तें भिंतीवर लावण्याची वेळ येते तेव्हां आजी नसते. पुढच्या पिढीस ती त्या कापलेल्या चौकटींतूनच भेटावयाची. म्हणून ज्यास हौस आहे त्यानें बारा चित्रांच्या रोलांतील चार तरी चित्रें घरच्या वडिलांसाठीं राखावीं. आजीस नटवून दिवाणखान्यांत बसवूं नये. ती रोज जेथें बसते, तेथेंच खिडकीच्या बाजूनें येणाऱ्या उजेडांत चित्र घ्यावें. खिडकी तिच्या पाठीशीं असूं नये, नाहीं तर चेहरा काळवंडतो. हातांतलें वाती वळण्याचें काम चालूं द्यावें; कार्श हातांस फार जपे, त्यांवर स्वतंत्र प्रकाश टाकी. पहिला अर्धा तास कॅमेरा बंदच ठेवून नुसतें बोलावें. आणि तिनें नको म्हटलें, तर तो नकार मानावा.

वडीलधाऱ्यांसही आमची विनंति आहे. "आतां माझें कसलें चित्र काढतोस!" असें म्हणून नातवास परतवूं नका. ह्या धांवपळीच्या दिवसांत तो अर्धा तास तुमच्यापाशीं बसावयास आला आहे. फिल्म कदाचित् फुकट जाईल. तें बसणें जाणार नाहीं.