विडंबन चालेल, बाहुल्या नकोत

दुसऱ्याच्या कलाकृतीची थट्टा कुठपर्यंत करावी, यावर कायद्याच्या पुस्तकांत पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. विनोदी सिनेमे काढणारे दिग्दर्शक मेल ब्रुक्स यांचे काम एका अटीवर भागले. ‘स्टार वॉर्स’ची टर उडवणारा ‘स्पेसबॉल्स’ (१९८७) काढताना त्यांनी मूळ सिनेमाचे कर्ते जॉर्ज ल्युकस यांची संमती घेतली. ल्युकस यांचे म्हणणे एवढेच होते, की सिनेमा खुशाल काढा, त्याच्या बाहुल्या बाजारात आणू नका.

अट विक्षिप्त वाटेल, पण तिच्यामागचा हिशेब पक्का होता. पहिल्या ‘स्टार वॉर्स’च्या वेळी ल्युकस मानधन वाढवून मागत बसले नाहीत. खेळणी वगैरे मालाचे आणि पुढच्या भागांचे हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले. स्टुडिओला ती किरकोळ बाब वाटली. १९७७च्या नाताळात बाहुल्या वेळेवर तयार झाल्या नाहीत, तेव्हा केनर कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीटच विकले. आत काही स्टिकर आणि बाहुल्या मागाहून घरी येतील असे सांगणारा कागद. न बनलेली बाहुलीही जिथे खपते, तिथला मालक थट्टेला कशाला भिईल?

ब्रुक्स यांनी अट पाळली, पण उट्टेही काढले. त्यांच्या सिनेमातला योगर्ट नावाचा गुरू टी-शर्ट, डबा, आगीचा झोत सोडणारे खेळणे असा सगळा माल मांडून, खरा पैसा यातच आहे, हे ज्ञान शिष्यांना देतो.

फुकट्यांना मात्र ही सवलत नव्हती. मे २००५मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ची प्रत थिएटरआधी काही तास इंटरनेटवर पोहोचली, आणि आठवडाभरात अमेरिकी तपास यंत्रणांनी ती पुरवणाऱ्या ‘एलिट टॉरेंट्स’ या संकेतस्थळाला टाळे ठोकले. पहिल्या २४ तासांत १० हजारांहून अधिक वेळा प्रत उतरवली गेली, असे सरकारने सांगितले. त्याच पहिल्या दिवशी तिकीटबारीवर मात्र ५ कोटी डॉलर जमले होते.

चोरीचा खरा चमत्कार चीनमध्ये विकल्या गेलेल्या याच सिनेमाच्या एका चोरट्या डीव्हीडीवर घडला. इंग्रजी संवादांचे चिनी भाषांतर, आणि त्या चिनीचे पुन्हा इंग्रजी! सिनेमाचे नाव झाले ‘बॅकस्ट्रोक ऑफ द वेस्ट’, म्हणजे पश्चिमेचे उताणे पोहणे. जेडाय योद्ध्यांच्या मंडळाचे प्रेस्बिटेरियन चर्च झाले. खलनायक डार्थ व्हेडर ‘नाही’ म्हणून आभाळ फाडतो, तेव्हा खाली अक्षरे उमटतात, ‘डू नॉट वाँट’. दारावरच्या भाजीवाल्याला परतवावे, तसे ‘नको’.

विडंबनकाराला जे कष्टाने जमते, ते चोराच्या भाषांतरकाराला चुकून जमले. संमती नाही, अट नाही, हेतूसुद्धा नाही. या विनोदाचे हक्क कुणाचे, हा वाद मात्र कधी कोर्टात जाणार नाही. चोरीच्या मालावर मालकी सांगायला पुढे येणार कोण?